अकरा देशांत रद्द

पत्र आलं तेव्हा बिट्टीची बॅग वजनकाट्यावर होती आणि बॅगेवरून घरात दोन तट पडले होते. जाड पांघरूण गेलंच पाहिजे, असं माईंचं म्हणणं. पांघरूण न्यायचं तर मातीच्या नमुन्यांच्या डब्या बाहेर काढाव्या लागतील, असं बिट्टीच्या आईचं.

"मातीच शिकायला चाललीये ना ती? मग तिकडे माती मिळत नाही का?" माई विचारत होत्या. आबा नुसते हसत होते. बायको आणि सून यांच्या वादात हसण्यापलीकडे काही करू नये, एवढं शहाणपण त्यांना ऐंशी वर्षांत आलं होतं.

शनिवार होता. बिट्टी मंगळवारी निघणार, म्हणून सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं. खाली बिट्टीच्या बाबांचं, म्हणजे दादाचं, चष्म्याचं दुकान, वर घर. दादा दुपारी शटर ओढून वर येणार होता. आत्या तिच्या घरून निघाली होती आणि दर दहा मिनिटांनी फोन करून काय आणू, काय आणू विचारत होती.

बिट्टी काट्यावरचा आकडा बघायला वाकली, तेवढ्यात हातातला फोन वाजला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग बॅगेवरच बसली. काटा एकदम ऐंशीच्या वर गेला.

"आई, माझी पदवी रद्द झालीये."

"काय झालीये?"

"रद्द. आपल्या विद्यापीठानं रद्द केलीये म्हणतात."

बिट्टीची आई कोर्टात लघुलेखिका. घरात तिला पोटची मुलगी सोडून सगळेच वहिनी म्हणायचे, अगदी सासूसुद्धा. कुणी रडायला लागलं की इतर बायका पाणी आणतात, वहिनी वही आणायची. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "परत वाच. शब्द न् शब्द."

बिट्टीनं वाचलं. सामायिक नोंदणीत आपली पदवी मूळ विद्यापीठानं गुरुवारी रद्द केल्याचं दिसतं. आज आमच्या दुपारी बारापर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास आपली जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

"त्यांचे बारा म्हणजे आपले?"

"साडेचार."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वहिनीनं ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. दीड वर्षं ही पोर या जागेमागे होती. पहिलं वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्यात, आणि शेवटच्या वर्षी प्रबंध तिसऱ्यात, असं ते शिक्षण. नापीक झालेली जमीन पुन्हा कशी उठवायची, हे शिकवणारा तो एकच अभ्यासक्रम आणि त्याच्या जागा फक्त एकोणीस. एकोणिसांत नाव आलं त्या दिवशी बिट्टी जिना एका वेळी तीन-तीन पायऱ्या चढून आली होती.

"दादाला बोलव वर," माई म्हणाल्या.

दादा गळ्यात मोजपट्टी अडकवूनच वर आला. त्यानं सगळं ऐकलं आणि बापानं विचारू नये तेच आधी विचारलं. "बिट्टे, खरं सांग. परीक्षेत काही... म्हणजे, तू काही केलं नाहीस ना?"

"बाबा!"

"अगं, उगाच कोण रद्द करेल?"

"तेच तर बघायचंय ना! विचारताय कसले, शोधा!" बिट्टीचा आवाज फाटला. पण राग आला की तिचं डोकं जास्त चालायचं. तो गुण कुणाचा, यावर घरात एकमत नव्हतं. "कुणीतरी रद्द केलंय म्हणजे त्याची नोंद असणार. वेळ असणार. कुणी केलं तेही असणार. आत्याला माहीत असेल."

आत्याचं नाव निघताच वहिनीचं पेन थांबलं. आत्या विद्यापीठात पदव्यांच्या विभागाची नियंत्रक. पदवीवर डिजिटल सही करण्याचा अधिकार तिचा, तिच्या हाताखालच्या उपनियंत्रकाचा आणि कुलगुरूंचा. आणि मागच्याच महिन्यात याच खोलीत, याच कोचावर बसून आत्या म्हणाली होती, इतक्या लांब कशाला पाठवता पोरीला, इथे काय कमी आहे?

वहिनीनं ते वहीत लिहिलं नाही. पण लिहावंसं वाटलं, हे तिचं तिला कळलं आणि बरं वाटलं नाही.

*

आबांना त्या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट छळत होती. शाई कुठे आहे?

चौतीस वर्षं त्यांनी त्याच विद्यापीठात पदव्यांवर नावं लिहिली. टाक, काळी शाई, आणि शेजारी ओला रुमाल. वर्षाला अडीच हजार नावं. लग्नात, रस्त्यात, दवाखान्यात माणसं अजून त्यांना थांबवून सांगायची, माझं नाव तुमच्या हातचं आहे. नाव खरवडलं तर कागद बोलतो. उजेडात धरला की खोटेपणा दिसतो. इथे मात्र नात फोन पुढे करून म्हणत होती, ही माझी पदवी, आणि त्यात एक चौकोन होता, मुंग्या सांडल्यासारखा.

"मला समजाव," ते म्हणाले. "मी भांडत नाही. मला खरंच कळून घ्यायचंय."

बिट्टीला त्या घडीला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आत्या अजून वाटेत होती. ती आबांच्या खुर्चीच्या हातावर बसली.

"आबा, आता पदवी म्हणजे कागद नाही. पदवी म्हणजे विद्यापीठाच्या वहीतली एक ओळ, आणि त्या ओळीवर विद्यापीठाची सही. ती सही कुणाला नक्कल करता येत नाही. मी हा चौकोन जगात कुणालाही दाखवला की त्यांचं यंत्र विचारतं, ही सही खरी का? आणि ही ओळ अजून जिवंत आहे का?"

"आणि उत्तर कोण देतं?"

"आपलं विद्यापीठ. पण त्याची प्रत अकरा देशांकडे असते. करार आहे ना त्यांचा. म्हणजे कुणाला पत्रं पाठवायला नकोत, शिक्के नकोत, सहा-सहा महिने थांबायला नको. आत्या तीन वर्षं जात होती ना त्या बैठकांना, तेच."

"म्हणजे एकानं खोडलं की अकरा वह्यांत खोडलं जातं."

"हो."

"आणि परत लिहायचं असेल तर?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

दाराची घंटा वाजली. आत्या आत आली. एका हातात पाव, दुसऱ्या हातात लॅपटॉपची बॅग. तिला वाटेतच फोनवर कळलं होतं. पाव कुणाच्या तरी हातात देऊन ती सरळ जेवणाच्या टेबलाशी बसली. पर्समधून सहीचं कार्ड काढून तिनं लॅपटॉपला लावलं. ते कार्ड ती अंघोळीला जातानासुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवायची, आणि त्यावरून दादा तिला वर्षभर चिडवत आला होता.

"उपनियंत्रकानं केलं असणार," दादा मागे उभं राहून म्हणाला. "तुझ्या खुर्चीवर डोळा आहे त्याचा. मी पहिल्यापासून सांगतोय."

"तो मुंगीसुद्धा मारणार नाही. गप्प बस जरा."

"मग विद्यापीठात भुतं आहेत का?"

"दादा, दोन मिनिटं."

आत्यानं बिट्टीचा कायमचा विद्यार्थी क्रमांक टाकला. सगळे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. फक्त आबा समोर बसले होते, कारण एवढी लहान अक्षरं त्यांना दिसत नसत. म्हणून त्यांना पडदा दिसला नाही, लेकीचा चेहरा दिसला. आधी ती भुवया आकसून वाचत होती. मग भुवया सैल झाल्या. मग चेहऱ्यावरून सगळंच उतरलं, आणि आबांना एकदम ती आठ वर्षांची असताना हातून दौत सांडली होती, तेव्हाची दिसली.

"गुरुवार. अकरा बेचाळीस," वहिनीनं मागून वाचलं आणि लिहून घेतलं. "कुणी केलं, तिथे नुसता नंबर आहे. शून्य शून्य एक. ते कोण?"

आत्यानं कार्डावर हात ठेवला.

माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आपल्या साधेपणानं म्हणाल्या, "गुरुवारी म्हणजे आपण आइस्क्रीम खाल्लं त्या दिवशी ना?"

*

आइस्क्रीम आत्यानंच आणलं होतं. गुरुवारी संध्याकाळी मोठा डबा घेऊन ती आली होती, आणि इतकी खुशीत होती की चपला न काढताच सांगायला लागली. आज अकराही देशांनी मिळून तालीम केली. एखादी बनावट पदवी सापडली, तर ती रद्द झाल्याची खबर सगळीकडे पोचायला किती वेळ लागतो? आमची खबर सगळ्यांत आधी पोचली. चार सेकंद! आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बिट्टीनं सगळ्यांत जोरात.

आता तेच टेबल होतं, तीच माणसं.

"शून्य शून्य एक म्हणजे मी," आत्या म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. माईंनी तर "बरं" असंही म्हटलं.

"मी रद्द केलीये तिची पदवी. मीच. आबा, तुमचा नमुना..." ती पाणी प्यायली. "आबा दर वर्षी पहिली पदवी नमुना म्हणून लिहायचे ना? निब बसली का, शाई धरते का ते बघायला. आणि नाव कुणाचं घालायचे?"

"माझं," माई म्हणाल्या. "चौतीस पदव्या आहेत मला. शाळा सातवीत सुटली तरी."

"घरी आणून दाखवायचे, मग चार तुकडे करून टाकून द्यायचे. मला ते फार आवडायचं. मी नियंत्रक झाले तेव्हा यंत्रात नमुना काढायची वेळ आली. मी बिट्टीचं नाव घातलं. पाच वर्षं घालतेय. तिला कधी सांगितलं नाही. यंदा ती खरंच पदवीधर झाली, म्हणून मी..." तिनं डोळे मिटले. "म्हणून मी नमुन्यात तिचा खरा क्रमांक घातला. शकुन म्हणून. चाचणीची वही वेगळी असते, त्यानं काही बिघडायला नको होतं. पण तालमीसाठी बुधवारपासूनच दोन्ही वह्या जोडलेल्या होत्या. मी नमुना रद्द केला. नावानं नाही, क्रमांकानं. आणि त्या क्रमांकाची खरी ओळ दुसऱ्या वहीत होती."

"म्हणजे आपण टाळ्या वाजवल्या..." बिट्टी म्हणाली.

"तुझीच पदवी खोडली गेली म्हणून. हो."

आपलेच दात, आपलेच ओठ. पहिल्यांदा आवाज आला तो बिट्टीचा, आणि त्यात राग नव्हता, असलीच तर विलक्षण उत्सुकता होती. "मग परत उलटं का करता येत नाही? तू नियंत्रक आहेस. रद्द रद्द कर."

आत्या हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "ते कलम माझंच आहे. एकदा रद्द ते कायमचं रद्द. बाकीचे दहा देश म्हणत होते, दुरुस्तीची सोय ठेवा. मी तीन दिवस भांडले. म्हटलं, सोय ठेवली की उद्या कुणीतरी बडा माणूस फोन करणार, माझ्या भाच्याची बनावट पदवी सापडली, जरा परत जिवंत करा. आमच्याकडे असे फोन येतात. मी घेतलेत. म्हणून ती वाटच बंद करून टाकली."

"छान!" दादा म्हणाला. "खड्डा खणलास, माती आमच्या पोरीवर." आणि तो दाणदाण जिना उतरून खाली गेला.

*

दुकानात शटर अर्धं खाली होतं. दादा घासलेल्या लेन्स कापडानं पुन्हा पुन्हा पुसत होता. गिऱ्हाईक कोणतंही असो, लेन्स स्वच्छ दिसली की दादाचा राग उतरायचा. आज उतरत नव्हता.

आत्या जिन्यावरून वाकून आत आली आणि डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर बसली. लहानपणापासून भांडण मिटवायला तीच जागा होती. तेव्हा दुकान त्यांच्या मामाचं होतं आणि दादा तिथे लेन्स घासायला शिकत होता, कारण आबांच्या पगारात एकालाच पुढे शिकवणं जमणार होतं आणि मार्क धाकटीला जास्त होते.

"एक रस्ता आहे," ती म्हणाली. "तू विचारायच्या आधी मीच सांगते. नाव दुरुस्त करायचं म्हणून नवा क्रमांक देता येतो. नव्या क्रमांकावर नवी पदवी. दहा मिनिटांचं काम आहे. जुनी रद्दच राहील, पण तिकडे कळवायचं, नाव चुकलं होतं म्हणून बदलली. ते मान्य करतात. रोज करतात."

दादानं कापड खाली ठेवलं. "मग बसलीस कशाला?"

"तिचं नाव चुकलेलं नाहीये."

"आणि दुसरा रस्ता?"

"खरं लिहायचं. खुलासा सामायिक नोंदणीत टाकायचा, अकराही देशांना दिसेल असा. ही माझी भाची आहे, मी तिचा क्रमांक वापरला, चूक माझी. नियम असा आहे की सही करणाऱ्यानं नात्यातल्या नोंदीला हात लावायचा नाही. लावला की सहीचा अधिकार जातो. परत मिळत नाही."

"आणि बिट्टीची जागा?"

"तो निर्णय तिकडचा. साडेचारच्या आत मानलं आणि दुसऱ्या कुणाच्या सहीनं खऱ्या कारणासकट नवी पदवी निघाली, तर राहील. त्याची मात्र खात्री नाही. माझी सही जाण्याचं मला काही नाही, असं मी म्हणणार नाही. खूप आहे. पण त्यापेक्षा मला भीती ही वाटते, की माझ्या खरेपणापायी पोरीचं नुकसान होईल."

"तेच तर! सत्यवादी व्हायचंय तर स्वतःच्या जिवावर हो, माझ्या लेकीच्या नको."

मागून जिन्यावर काठीचा आवाज आला. आबा एकेक पायरी उतरत होते. दादा मनात म्हणाला, झालं, आले. चौतीस वर्षांचं प्रवचन आता सुरू होणार.

आबा काउंटरला धरून उभे राहिले. "दादा म्हणतो ते कर," ते म्हणाले.

दोघंही बघत राहिले. तीस वर्षांत बाप-लेक एका बाजूला कधी उभे राहिले नव्हते. दुकानाचा रंग ठरवतानासुद्धा नाही.

"आबा, तुम्ही हे सांगताय?"

"मीच सांगतोय. मी नुसतं दुसऱ्याच्या नावांना शाई लावली. तू सही करतेस. विद्यापीठ म्हणजे तुझी सही. रोज सकाळी मी उठतो तेव्हा मला तेवढं एक आठवतं आणि बरं वाटतं. ते घालवू नकोस." त्यांचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याची त्यांना लाजही वाटत होती. "नमुन्याचं खूळ माझं होतं. फेडायचं तर मी फेडतो. तू नको."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात सगळ्यात सरळ माणूस तिला वाकडा रस्ता दाखवत होता, आणि तोही निव्वळ मायेपोटी. तिनं हात पुढे करून त्यांची काठी नीट भिंतीला टेकवून ठेवली.

"ऐकलं मी," वर जिन्यातून आवाज आला. वहिनी होती. हातात वही नव्हती. तिच्यामागे बिट्टी.

*

बिट्टीला दुकानात यायला नेहमी आवडायचं. इथे सगळं आपोआप स्पष्ट दिसायचं. आज पाच माणसं दाटीवाटीनं उभी होती, माई वर एकट्या स्वयंपाकघरात गॅस बंद करत होत्या, आणि घड्याळात दीड झाला होता.

"वीस वर्षं मी साक्षी लिहून घेतेय," वहिनी म्हणाली. ती नणंदेकडे बघत होती. "पहिलं खोटं सहसा पकडलं जात नाही. पकडलं जातं ते दुसरं, पहिल्याला टेकू द्यायला सांगितलेलं. ताई, आज नाव चुकलं म्हणाल. उद्या दुसऱ्या देशात विचारतील, आधी काय नाव होतं? ही काय सांगणार? परवा तिसऱ्या देशात?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" दादानं विचारलं.

"बिट्टीच्या. आणि..." वहिनीला जड गेलं, पण तिनं बोलून टाकलं. "सकाळी मला ताईंचाच संशय आला होता. मुद्दाम केलं असेल, हिला जाऊ द्यायचं नाही म्हणून. मी काय काय मनात आणलं ते मला सांगायचंसुद्धा नाही. म्हणून आता मला सगळं उघड हवंय. झाकलेलं नको."

आत्या म्हणाली, "जाऊ नये असं वाटत होतंच मला. खोटं नाही. पण असं नाही."

"ते कळलं मला."

"बिट्टे," आबा म्हणाले, "जागा तुझी आहे. तू बोल."

बिट्टीला कुणी तरी हे विचारावं असं सकाळपासून वाटत होतं. दहा मिनिटांत जागा पक्की होणार होती. नुसतं हो म्हणायचं होतं. तिनं काउंटरवरची एक फ्रेम उचलली, उघडली, मिटली.

"आत्या, त्या नव्या पदवीवर काय लिहिलेलं असेल? कारण म्हणून?"

"विद्यार्थिनीच्या अर्जावरून नावात दुरुस्ती."

"म्हणजे अर्ज मी केलेला असेल."

"हो. तुझी सही लागेल."

"मी तिथे जाऊन तीन वर्षं काय करणार माहितीये? मातीचे नमुने तपासून आकडे लिहिणार. लोक त्या आकड्यांवर जमीन पेरणार." तिनं फ्रेम जागेवर ठेवली. "पहिलाच कागद खोटा देऊन नाही जाणार मी. भीती वाटतेय खूप. जागा गेली तर मी आठवडाभर कुणाशी बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. पण खरं लिही."

दादा काही तरी म्हणणार होता. त्यानं लेकीकडे बघितलं आणि म्हटलं, "मग लॅपटॉप खाली आणा. इथे रेंज चांगली येते."

खुलासा लिहायला चाळीस मिनिटं लागली. आत्या लांबण लावायची आणि वहिनी छाटायची. "कारणं नकोत ताई, घटना लिहा. आधी काय झालं, मग काय झालं." नात्याच्या ओळीपाशी आत्याचा हात थांबला, तेव्हा दादानं पहिल्यांदा तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं कार्ड लावलं, आकडे दाबले, सही केली आणि पाठवलं. दोन वाजून चौदा मिनिटं.

मग वाट बघणं. माईंनी वरून ताटं खाली आणली, चष्म्यांच्या काउंटरवर जेवणं झाली. आत्यानं उपनियंत्रकाला फोन लावला. तो न्हाव्याच्या खुर्चीत होता, अर्धी दाढी झालेली. नवी पदवी त्यालाच सही करून द्यावी लागणार, हे कळल्यावर तो तसाच उठून ऑफिसकडे पळाला. "आणि याला म्हणे खुर्ची हवी होती," आत्या म्हणाली. दादानं मान खाली घालून मुकाट्यानं घास घेतला.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिकडून व्हिडिओ कॉल आला. पांढऱ्या केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई, तिकडची पदव्यांची नियंत्रक. तिनं इंग्रजीत एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. क्रमांक कसा आला? वह्या कधी जोडल्या? नमुन्यात खऱ्या माणसाचं नाव का? आत्यानं सांगितलं. वडील, टाक, आईचं नाव, चार तुकडे, सगळं.

बाईनं समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

"आमच्या ऑफिसात एक मांजर आहे," बाई शेवटी म्हणाली. "आमचे सगळे नमुने तिच्या नावावर निघतात. तिला तीन पदव्या आहेत, एक पशुवैद्यकातली. पण तिला क्रमांक द्यायचं आमच्या मनात कधी आलं नाही."

बिट्टीनं माईंना हळूच मराठीत सांगितलं. माई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा कमीच शिकलीये." आणि इतक्या तणावात आबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

पलीकडची बाईही हसली, का ते न कळताच. मग तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "जागा आम्ही धरून ठेवतो. नवी पदवी बाराच्या आत दिसली पाहिजे. आणि मॅडम, तुमच्या खुलाशामुळे मला एक काम करावं लागतंय. करारानुसार तुमची सही आत्ताच बंद करते आहे. मला वाईट वाटतं."

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "करा."

पावणेचार वाजता बिट्टीच्या फोनवर नवी पदवी आली. चौकोन धरला, हिरवी खूण उमटली. वहिनीनं लेकीला मिठी मारली, दादा शटर वर करायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभा राहिला. आबा मात्र आत्याकडे बघत होते. तिनं कार्ड लॅपटॉपमधून काढलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"उद्यापासून काय?" दादानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"उद्या रविवार. सोमवारी ऑफिस. सही गेलीये, नोकरी नाही." तिचा आवाज सरळ होता. पण पुढचं वाक्य निघताना तो मोडला. "बिट्टे, एक मला आधीच सांगायला हवं होतं. तो खुलासा तुझ्या पदवीला चिकटून राहणार. कायमचा. नोकरी असो, परदेश असो, तुझी पदवी जो कुणी तपासेल त्याला आधी जुनी रद्द झालेली ओळ दिसेल आणि तिच्या खाली माझं लिहिलेलं. मला ते पुसता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

बिट्टीनं फोनवर ते उघडलं. सगळ्यांच्या घाईत तिनं ते पूर्ण वाचलंच नव्हतं. तिनं आता पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत. विद्यार्थिनीकडे कोणताही दोष नाही. दोष माझ्या कामात आहे. ती माझ्या भावाची मुलगी आहे आणि मी तिचं नाव प्रेमानं वापरलं. ते योग्य नव्हतं. खाली आत्याचं पूर्ण नाव आणि तिची शेवटची सही.

"बरं झालं," बिट्टी म्हणाली. "मला वाटत होतं तिकडे गेल्यावर मी एकटी असेन. आता जिथे जाईन तिथे माझ्याआधी तू पोचलेली असशील."